सव्वीस डॉलरचा माग, दोन डॉलरचं चॉकलेट

बर्कशायर हॅथवे या अमेरिकी कंपनीच्या पोटात आज विमा आहे, हजारो मैलांची रेल्वे आहे, वीज कंपन्या आहेत, विटा आणि रंगांपासून दागिन्यांपर्यंत कितीतरी धंदे आहेत. पण वॉरन बफे यांनी सहा दशकं भागधारकांना जी वार्षिक पत्रं लिहिली, ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. रेल्वेबद्दल ते आदराने लिहितात, विम्याबद्दल बारकाईने लिहितात, आणि प्रेमाने लिहितात ते कॅलिफोर्नियातल्या एका चॉकलेटच्या कंपनीबद्दल. तिचं नाव सीज कँडीज. आकाराने बर्कशायरच्या पसाऱ्यात ती आज शोधावी लागेल. तरीही पैसा आणि धंदा यांबद्दल बफे जे शिकले, त्यातलं सर्वांत मोलाचं त्यांना या कंपनीने शिकवलं, असं त्यांनी स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. माझ्या मते त्या शिकवणीचा गाभा असा : माणूस रोजच्या लहानशा सुखासाठी जे पैसे मोजतो, त्यांचं गणित यंत्रासाठी किंवा कापडासाठी मोजलेल्या पैशापेक्षा अगदी वेगळं चालतं.

हे समजायला आधी कापडाकडे जावं लागतं.

बफे यांचा जन्म १९३०चा, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला. कोलंबिया विद्यापीठात ते बेंजामिन ग्रॅहम यांचे विद्यार्थी होते. ग्रॅहम यांची पद्धत सोपी आणि कडक होती. कंपनीच्या ताळेबंदात जी मालमत्ता दिसते तिच्यापेक्षा खूप कमी भावात शेअर मिळत असेल तर घ्या, भाव सावरला की विका. धंदा चांगला की वाईट याची फार चिकित्सा करायची नाही, कारण सुरक्षितता स्वस्ताईत आहे. बफे पुढे या प्रकाराला रस्त्यावर पडलेल्या सिगारच्या थोटकाची गुंतवणूक म्हणू लागले. एक झुरका उरलेला असतो, तो फुकटात मिळतो.

बर्कशायर हॅथवे हे असंच थोटूक होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डची ही कापडगिरणी एकेक शाखा बंद करत चालली होती आणि आलेल्या पैशातून स्वतःचेच शेअर परत विकत घेत होती. १९६४ साली गिरणीच्या प्रमुखाने बफे यांना विचारलं, शेअर किती भावाला द्याल? साडेअकरा डॉलरवर बोलणं झालं. प्रत्यक्ष पत्र आलं त्यात भाव होता अकरा डॉलर आणि तीन अष्टमांश, म्हणजे ठरल्यापेक्षा साडेबारा सेंट कमी. बफे चिडले. शेअर विकण्याऐवजी त्यांनी आणखी विकत घेतले आणि १९६५मध्ये कंपनीचा ताबा घेतला. रागाच्या भरात त्यांच्या पदरी एक बुडता धंदा पडला आणि वीस वर्षं राहिला.

या गिरणीचं दुखणं कामगारांच्या किंवा व्यवस्थापकांच्या आळसात नव्हतं. अस्तराचं कापड कुणाच्या गिरणीतलं आहे हे कोट शिवून घेणारा कधीच विचारत नाही. म्हणून सगळा धंदा भावावर चालतो. नवे माग आणले की खर्च कमी होईल असा हिशेब प्रत्येक वेळी मांडला जायचा आणि कागदावर तो बरोबरही असायचा. पण शेजारच्या गिरणीनेही तेच माग आणलेले असायचे. वाचलेला खर्च भाव उतरवण्यात जायचा. फायदा कापड घेणाऱ्याचा व्हायचा आणि मालकाच्या खिशातून गेलेलं भांडवल तसंच अडकून पडायचं. १९८५मध्ये गिरणी बंद झाली तेव्हा यंत्रसामग्रीचा लिलाव झाला. मुळात सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरची ती यंत्रं होती. लिलावात आले १,६३,१२२ डॉलर. चारच वर्षांपूर्वी प्रत्येकी ५,००० डॉलरला घेतलेले माग पन्नास डॉलरलाही कुणी घेईना. शेवटी ते २६ डॉलरला एक या भावाने भंगारात गेले. उचलून न्यायचा खर्चही त्याहून जास्त होता.

मुंबईच्या गिरणगावात १९८२च्या संपानंतर जे घडलं ते पाहिलेल्या किंवा घरात ऐकलेल्या वाचकाला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. तिथली कारणं वेगळी होती, जमिनीचा प्रश्न होता, माणसांची फरफट कितीतरी मोठी होती. तरी मागाचं भंगार होणं दोन्हीकडे सारखंच.

आता चॉकलेट. सीज कँडीजचं पहिलं दुकान १९२१ साली लॉस एंजेलिसमध्ये निघालं. चार्ल्स सी यांनी ते काढलं. पाककृती त्यांच्या आईच्या, मेरी सी यांच्या. डब्यावर आजही चष्मा लावलेल्या त्या आजीचं चित्र असतं. दुकानं पांढरी, स्वच्छ, आणि काउंटरवरची बाई ग्राहकाला एखादी वडी चाखायला देते. दुसऱ्या महायुद्धात साखर आणि लोण्याचं रेशनिंग आलं तेव्हा कंपनीने हलका माल घालून उत्पादन टिकवण्याऐवजी कमी माल बनवला आणि संपला की दुकान बंद केलं. दुकानाबाहेर रांगा लागायच्या. त्या रांगांत उभ्या राहिलेल्या मुलांनी पुढे आपल्या मुलांसाठी हाच डबा घेतला. ताळेबंदात अशा गोष्टीसाठी रकाना नसतो.

१९७२च्या सुरुवातीला ही कंपनी विकली गेली. कुटुंबाने ती विकायला काढली तेव्हा अपेक्षा होती तीन कोटी डॉलरची. ताळेबंदात प्रत्यक्ष मालमत्ता होती जेमतेम ८० लाखांची. ग्रॅहम यांच्या शिष्याला हे पचणं कठीण होतं. बफे अडीच कोटींवर अडून बसले. त्याहून एक पैसा वर जायची त्यांची तयारी नव्हती. सुदैवाने समोरच्यांनी ते मान्य केलं. सुदैवाने म्हणायचं कारण, व्यवहार मोडला असता तर नुकसान बफे यांचंच होतं, आणि ते त्यांनी नंतर मोकळेपणाने लिहिलं आहे. चांगल्या धंद्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही, हे त्यांच्या गळी उतरवण्यात चार्ली मंगर यांचा वाटा मोठा. मंगरही मूळचे ओमाहाचेच, पोरवयात बफे यांच्या आजोबांच्या किराणा दुकानात काम केलेले, पेशाने वकील. थोटकं वेचण्यात त्यांचं मन कधी रमलं नाही.

त्या एका खरेदीत काय दडलं होतं, हे बफे यांनी १९८३च्या पत्राला जोडलेल्या टिपणात मांडलं. गुंतवणुकीवर मी जे काही वाचलं त्यात इतकं स्वच्छ लेखन मला क्वचित सापडलं आहे, म्हणून ते जरा सावकाश पाहू.

सीजचा करोत्तर नफा होता सुमारे २० लाख डॉलर आणि तो मिळवायला लागणारी मालमत्ता ८० लाखांची. म्हणजे २५ टक्के परतावा. आता दुसरी एक सर्वसाधारण कंपनी धरा. तिचाही नफा २० लाखच, पण त्यासाठी लागणारी मालमत्ता १ कोटी ८० लाख. परतावा ११ टक्के. अशी कंपनी तिच्या मालमत्तेच्या किमतीला, म्हणजे १ कोटी ८० लाखांना मिळेल. जुन्या पद्धतीने पाहिलं तर ती सुरक्षित वाटते, कारण पैशाच्या बदल्यात तेवढी यंत्रं आणि इमारती हातात आहेत. सीजसाठी मोजलेल्या अडीच कोटींपैकी १ कोटी ७० लाख मात्र हवेत दिले असं वाटतं.

आता महागाई येते आणि सगळ्या किमती दुप्पट होतात. दोन्ही कंपन्या पूर्वीइतकाच माल दुप्पट भावाला विकतात आणि दोघींचाही नफा ४० लाख होतो. इथवर फरक नाही. पण कच्चा माल दुप्पट महागला, उधारी दुप्पट झाली, झिजलेलं यंत्र बदलायचं तर तेही दुप्पट किमतीला. म्हणजे धंदा आहे तेवढाच ठेवायला मालमत्ताही दुप्पट लागते. सीजला त्यासाठी ८० लाख घालावे लागतात. दुसरीला १ कोटी ८० लाख. नफ्याच्या पटीत किंमत धरली तर सीजचं मोल अडीच कोटींवरून पाच कोटी झालं : ८० लाख घातले, अडीच कोटी वाढले. दुसरीचं मोल झालं ३ कोटी ६० लाख : १ कोटी ८० लाख घातले आणि तेवढेच वाढले. मालकाच्या हाती वरकड काहीच आलं नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत महागाई भडकलेली असताना बहुतेकांचा समज असा होता की जमीन, यंत्रं, कारखाने अशा ठोस वस्तूंत पैसा असला की महागाईपासून बचाव होतो. सीजने बफे यांना उलटं दाखवलं. धंद्याला जितक्या कमी ठोस वस्तू लागतात तितका तो महागाईत तगतो, फक्त भाव वाढवण्याची ताकद हवी. सीजला आणखी दोन गोष्टी अनुकूल होत्या. माल रोखीने विकला जायचा, त्यामुळे उधारी नाही. आणि चॉकलेट बनल्यापासून विकलं जाईपर्यंत वेळ थोडा, त्यामुळे गोदामात पैसा अडकत नाही.

हे कागदावरचं तर्कशास्त्र प्रत्यक्षात कसं उतरलं, तेही त्यांनी २००७च्या पत्रात सांगितलं. १९७२मध्ये सीजने १ कोटी ६० लाख पौंड चॉकलेट विकलं आणि विक्री होती सुमारे तीन कोटी डॉलर. पौंडाला दोन डॉलरहून थोडी कमीच. २००७मध्ये विकलं ३ कोटी १० लाख पौंड आणि विक्री झाली ३८ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे पौंडाला बारा डॉलरच्या वर. पस्तीस वर्षांत वजन दुपटीलाही पोचलं नाही. वर्षाला दोन टक्के वाढ. कुठलाही विश्लेषक या धंद्याला सुस्त म्हणेल. पण करपूर्व नफा पन्नास लाखांहून कमी होता तो ८ कोटी २० लाखांवर गेला. या सगळ्या काळात धंद्यात नव्याने घालावे लागले फक्त ३ कोटी २० लाख, आणि करपूर्व नफा झाला एकूण १३५ कोटी डॉलर. बाकीचे पैसे मालकाच्या हाती, ओमाहाला गेले आणि कर भरून उरलेल्यांतून दुसरे धंदे घेतले गेले. बफे यांच्या काळात बर्कशायरने एकदाच, १९६७ साली, शेअरमागे दहा सेंट लाभांश दिला. बाकी सारं आतच फिरत राहिलं.

दरवर्षी भाव वाढवूनही गिऱ्हाईक तुटत नाही, याचं कारण मला वाटतं प्रसंगात आहे. सीजचा वर्षाचा बहुतेक नफा ख्रिसमसच्या तोंडावरच्या थोड्या आठवड्यांत होतो. डबा घेणारा तो बहुधा स्वतःसाठी घेत नाही, कुणाला तरी देण्यासाठी घेतो. आईसाठी, प्रेयसीसाठी, आजारी मित्रासाठी. अशा वेळी चार डॉलर वाचवणारा पर्याय समोर असला तरी हात तिकडे जात नाही, कारण स्वस्त डबा दिला तर वाचलेल्या पैशांपेक्षा अधिक काही गमावल्यासारखं वाटतं. अर्थात ही ताकद नाजूक आहे. लोणी कमी केलं, काउंटरवरची बाई तुसडेपणाने बोलली, की जे साठ वर्षांत जमलं ते पाच वर्षांत जाईल. चक हगिन्स यांच्या हाती बफे यांनी १९७२ला कंपनी दिली आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यांच्या कामात ढवळाढवळ केली नाही. मालकाने काय करू नये हे कळणं, हाही या कथेतला मोठा भाग आहे.

सीज नसती तर कोका-कोला घेतला नसता, असं बफे म्हणतात. त्याआधीची हकिकत अशी की १९३६मध्ये सहा वर्षांचा हा मुलगा आजोबांच्या दुकानातून पंचवीस सेंटला सहा कोक घ्यायचा आणि आळीत पाच सेंटला एक विकायचा. सहा बाटल्यांमागे पाच सेंट नफा. हे पेय लोकांना किती हवं असतं ते त्याला तेव्हाच दिसलं होतं, पण कंपनीचा पहिला शेअर घ्यायला १९८८ उजाडलं. मधली कित्येक वर्षं ते स्वतः प्रतिस्पर्धी पेय पीत होते. १९८५च्या पत्रात त्यांनी जाहीर केलं की अठ्ठेचाळीस वर्षांची निष्ठा सोडून आपण चेरी कोकवर आलो आहोत. कोलाबद्दल त्यांचं एक निरीक्षण आहे. संत्र्याचं किंवा स्ट्रॉबेरीचं पेय लागोपाठ प्यायलं की जीभ कंटाळते. कोलाची चव जिभेवर साचत नाही, म्हणून माणूस दिवसात पुन्हा पुन्हा तो पिऊ शकतो. १९९४पर्यंत बर्कशायरने कोका-कोलाचे ४० कोटी शेअर सुमारे १३० कोटी डॉलरला घेतले. त्या वर्षी लाभांश आला साडेसात कोटी. २०२२मध्ये तेवढ्याच शेअरवर लाभांश आला ७० कोटी ४० लाख. मूळ रकमेच्या निम्म्याहून अधिक पैसे एका वर्षाच्या लाभांशातच परत.

इथे मला थांबावंसं वाटतं. जीभ कंटाळत नाही, हे गुंतवणूकदाराचं भाग्य असेल. पिणाऱ्याच्या शरीराचं तसं नाही. मेक्सिकोने २०१४मध्ये साखरेच्या पेयांवर खास कर बसवला तो लठ्ठपणा आणि मधुमेह घराघरांत शिरल्यामुळे, आणि मधुमेह आपल्याही घरांत काही कमी नाही. बफे स्वतः दिवसाला पाच कोक पितात आणि नव्वदी ओलांडून ठणठणीत राहिले, पण एका माणसाच्या प्रकृतीवरून काही ठरत नाही. चॉकलेटचा डबा सणासुदीला येतो, बाटली रोज येते. मी बफे यांचं लेखन आदराने वाचतो आणि तरीही या एका ठिकाणी त्यांचा हिशेब मला अपुरा वाटतो. जो खर्च कंपनीच्या ताळेबंदात येत नाही तो दवाखान्याच्या बिलात येतो.

रोजच्या चवीवर पैसे लावले की यश ठरलेलंच, असंही नाही. २०१५मध्ये क्राफ्ट आणि हाइंझ यांचं विलीनीकरण झालं, बर्कशायर त्यात मोठा भागीदार. केचप, चीज, घराघरांत असलेली नावं. २०१९च्या फेब्रुवारीत कंपनीला आपल्या नावांचं मोल १,५४० कोटी डॉलरनी घटवावं लागलं, आणि क्राफ्टसाठी आपण जास्त पैसे मोजले असं बफे यांनी मान्य केलं. फरक कुठे पडला? सीज आपल्याच दुकानात विकते. केचप दुसऱ्याच्या फडताळावर असतो. कॉस्टकोसारख्या दुकानाने किर्कलँड या स्वतःच्या नावाने माल आणला की भाव कोण ठरवणार हे बदलतं. शिवाय केचप कुणी कुणाला भेट देत नाही. सीजलाही मर्यादा आहेतच; कॅलिफोर्नियाबाहेर पाय रोवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले आणि फारसे जमले नाहीत. ज्या मुलुखात आजीचा डबा लहानपणी हाती आला नाही, तिथे ते नुसतं महाग चॉकलेट.

या माणसाच्या स्वतःच्या सुखांकडे यायचं तर बफे यांचं घर १९५८मध्ये ३१,५०० डॉलरला घेतलेलं आहे आणि ते तिथेच राहतात. बर्कशायरकडून पगार कित्येक दशकं वर्षाला एक लाख डॉलर. कार्यालयाला जाताना मॅकडोनाल्ड्समधून न्याहारी, दुपारी वाचन, संध्याकाळी ब्रिजचा डाव. हे सारं वैराग्य म्हणून सांगितलं जातं ते मला पटत नाही. १९८०च्या दशकात त्यांनी कंपनीसाठी खाजगी जेट विमान घेतलं आणि त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ 'असमर्थनीय' असा होतो. ज्या गोष्टीने वेळ वाचतो किंवा खरा आनंद मिळतो तिच्यावर ते खर्च करतात. मोठ्या घराने त्यांचा आनंद वाढत नव्हता, म्हणून ते घेतलं नाही. दिवस आपल्या मनाप्रमाणे घालवता यावा, कुणाची मर्जी राखावी लागू नये, एवढंच पैशाकडून त्यांना हवं होतं, आणि ते तिशीतच मिळालं. उरलेल्या संपत्तीचा बहुतांश भाग दान करायचं त्यांनी २००६मध्ये जाहीर केलं.

दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास ओमाहाला भागधारकांची सभा भरते. मंचावर बफे आणि मंगर कोक पीत आणि सीजची शेंगदाण्याची चिक्की खात तासन्‌तास प्रश्नांना उत्तरं द्यायचे. मुंबईचे पराग पारीख या विचाराचे आपल्याकडचे मोठे पुरस्कर्ते. २०१५च्या सभेला गेले असताना ओमाहातच मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. त्यांच्या लेखनातून ही मांडणी कितीतरी भारतीय गुंतवणूकदारांपर्यंत पोचली. मंगर नोव्हेंबर २०२३मध्ये, शंभरीला महिनाभर बाकी असताना गेले. २०२५च्या सभेत बफे यांनी प्रमुखपद सोडत असल्याचं सांगितलं आणि २०२६च्या आरंभी ग्रेग एबल यांनी सूत्रं घेतली.

एबल यांच्यापुढची अडचण ऐकायला सुखद वाटेल अशी आहे. २०२४च्या अखेरीस बर्कशायरकडे सुमारे ३३,४०० कोटी डॉलर रोकड पडून होती. एवढ्या पैशांपुढे अडीच कोटींची चॉकलेट कंपनी कितीही गोड असली तरी तिने काही हलत नाही. मोठ्या पैशाला मोठाच धंदा लागतो, आणि थोड्या भांडवलात भरपूर कमावणारे धंदे बहुधा लहान असतात. लहान रक्कम हाती असती तर कितीतरी अधिक परतावा मिळवला असता, असं बफे यांनी १९९९ साली म्हटलं होतं. काही लाखांची बचत गाठीशी असलेल्या माणसाला त्या ओझ्याची काळजी नाही. एखाद्या लहान कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा, गेल्या दहा वर्षांत नफा किती वाढला आणि त्यासाठी भांडवल किती घालावं लागलं हे दोन आकडे शेजारी मांडावे, आणि तिचा माल घेणाऱ्या चार गिऱ्हाइकांना भाव वाढला तर काय कराल ते विचारावं. यातलं काहीही ओमाहात बसून अधिक चांगलं करता येत नाही.